डाइव्ह ट्रिपला स्पेअर सामान काय न्यायचं आणि कसं भरायचं

ट्रिपवर डाइव्ह हुकते ती बहुतेक वेळा अगदी फालतू कारणाने. अख्खा रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) बंद पडला असं क्वचित होतं, पण फिनचा पट्टा तुटला, मास्कचं बक्कल निसटलं, प्रेशर गेजपाशी बुडबुडे यायला लागले, डाइव्ह कम्प्युटरची (खोली आणि वेळ मोजणाऱ्या यंत्राची) बॅटरी संपली, हे सगळं बोटीवर नेहमीचंच आहे. बोट किनारा सोडून लांब आलेली असते, बाकीचे सगळे तयार होऊन बसलेले असतात आणि तुमची डाइव्ह एका रबराच्या रिंगपायी जाते. म्हणून एक छोटी पेटी सोबत हवीच. डाइव्हर लोक तिला सेव्ह-अ-डाइव्ह किट म्हणतात, म्हणजे त्या दिवसाची डाइव्ह वाचवणारी पेटी.

नवीन लोकांची इथे दोन प्रकारे गडबड होते. काही जण काहीच नेत नाहीत, आणि काही जण तयार मिळणारी पेटी घेतात, त्यात काय आहे ते न बघता तशीच बॅगेत टाकतात आणि वेळ आली की कळतं की यातली एकही रिंग आपल्या सामानाला बसत नाही. मी प्रत्येक वस्तू पेटीत टाकायच्या आधी स्वतःला एकच विचारते: हे मला हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, दहा मिनिटांत बदलता येईल का? येत असेल तर ती पेटीत जाते. नसेल तर तो सुटा भाग न्यायचाच नाही, न्यायची तर अख्खी दुसरी वस्तू, नाहीतर तिकडे भाड्याने घ्यायची. आणि जी वस्तू घरी एकदाही बसवून बघितली नाही ती माझ्या हिशोबात स्पेअर नाहीच.

आधी सामान तपासा, निघायच्या दोन-तीन आठवडे आधी

पेटी भरायला इथूनच सुरुवात करा, दुकानातून नाही. सगळं सामान चादरीवर पसरा आणि हाताने एकेक वस्तू ओढून, वाकवून बघा. फिनचे पट्टे भोकांपाशी ताणून बघा, तिथे बारीक चिरा दिसतात. मास्कचा पट्टा बक्कलपाशी तसाच बघायचा. होजवर (हवेच्या नळीवर) प्लॅस्टिकची बाही असेल तर ती मागे सरकवा, कारण होजला तडा जातो तो बहुतेक नेमका तिच्याखाली, जिथे होज धातूच्या फिटिंगला मिळते, आणि तो वरून दिसत नाही. माउथपीस दातांच्या जागी चावून फाटलेला असतो, तो बोटाने उलटवून बघा.

माउथपीसबद्दल जरा जास्त सांगते कारण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय. दुसऱ्याच ट्रिपला, उडी मारायच्या आधी बोटीच्या कडेला बसून मी रेग्युलेटर तोंडात घेतला, दोन श्वास घेतले आणि हाताने जरा नीट करायला गेले तर सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडाकडचा भाग) हातात आली आणि माउथपीस दातांतच राहिला. तो धरून ठेवणारा झिप टाय उन्हाने कडक होऊन तडकला होता, आणि तो कितीतरी दिवस तसाच होता, मी फक्त कधी बघितला नव्हता. पाण्याखाली हे झालं असतं तर पुढच्या श्वासाला तोंडात हवेच्या जागी पाणी आलं असतं. डाइव्ह मास्टरने स्वतःच्या पेटीतून एक टाय काढून दिला, दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून प्रत्येक ट्रिपच्या आधी मी माउथपीस धरून चांगला जोरात ओढून बघते, ऑक्टोपसचा (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजचा) सुद्धा, कारण तो कधी वापरात नसतो त्यामुळे त्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

अजून एक साधी टेस्ट. सिलेंडर न लावता, फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या सिलेंडरवर बसणाऱ्या भागाच्या) तोंडावर तिचं झाकण नीट बसवून सेकंड स्टेजमधून हवा ओढा. हवा अजिबात येता कामा नये आणि ती ओढ तशीच टिकली पाहिजे. हवा येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण असेल, डायफ्रॅम फाटला असेल किंवा माउथपीसला भोक असेल, आणि हे आत्ता घरी कळणं फार बरं.

सर्व्हिसिंग बाकी असेल तर ते निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सर्व्हिसिंग झाल्यावर एक तरी डाइव्ह, निदान स्विमिंग पूलमध्ये, त्या रेग्युलेटरवर झालीच पाहिजे, कारण नवीन सीट (आतला हवा अडवणारा भाग) बसायला जरा वेळ घेते आणि काही चुकलं असेल तर ते पहिल्या तासाभरात दिसतं.

मग जिथे जाताय तिथे विचारा

मुख्य प्रश्न हा की सिलेंडरचा व्हॉल्व्ह कुठला आहे, योक की डिन. योक म्हणजे वरून शिकंजा बसवून स्क्रूने आवळायचा प्रकार, डिन म्हणजे रेग्युलेटर थेट व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायचा. डिन रेग्युलेटर असेल आणि तिकडे योक असेल तर अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि तो तिकडे मिळेलच असं धरून चालू नका. उलट बाजूला, योक रेग्युलेटर घेऊन जाणाऱ्यांनी विचारावं की डिन व्हॉल्व्हमध्ये बसणारा इन्सर्ट आहे का, तो ३०० बारच्या व्हॉल्व्हला चालत नाही.

बाकी मग भाड्याने काय मिळतं, कुठल्या मापाचं, आणि बोटीवर हत्यारं असतात का एवढं विचारा. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर परतणारी बोट असेल तर छोटी पेटी पुरते. लिव्हअबोर्ड असेल, म्हणजे आठवडाभर बोटीवरच मुक्काम, तर तिथे मधेच काही आणता येत नाही, त्यामुळे तेव्हा पेटी मोठी.

ओ-रिंग, इथे घाई करू नका

पेटीतली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच. ओ-रिंगा (जोड हवाबंद करणाऱ्या रबराच्या रिंगा) नंबरने ओळखल्या जातात आणि मापात थोडा फरक असला तरी रिंग बसल्यासारखी वाटते पण प्रेशर आल्यावर सटकते, म्हणून नंबर नक्की हवा.

योक व्हॉल्व्हच्या तोंडावर दिसणारी रिंग बहुतेक ०१४ नंबरची असते. ही सिलेंडरची असते, तुमची नाही, पण भाड्याच्या सिलेंडरवर ती इतके जण वापरतात की फुसफुस आवाज येतो तो बहुधा हिच्यामुळेच, म्हणून चार-पाच जवळ ठेवा. डिनमध्ये उलटं आहे, तिथे रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते, म्हणजे तुमची, आणि ती बिघडली तर दुसरा सिलेंडर घेऊन काही फरक पडत नाही. डिनवाल्यांनी आपल्या रेग्युलेटरच्या रिंगचा नंबर बघूनच घ्यावी, ही मॉडेलप्रमाणे बदलते.

फर्स्ट स्टेजला होज जिथे लागतात तिथे लो प्रेशर पोर्टला साधारण ०११ आणि हाय प्रेशर पोर्टला ०१२ लागते. होज सेकंड स्टेजला मिळते तिथे बहुतेक ०१०. आणि गेजच्या मागे एक पिटुकली नळी असते तिच्या दोन टोकांना ००३, ही डोळ्याला जेमतेम दिसते आणि बोटीवर खाली पडली तर शोधायचा नादच सोडा, म्हणून दोन नाही, सहा न्या. प्रत्येक नंबर वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत, वर कायम शाईने नंबर आणि ती कुठे लागते ते लिहून. सगळ्या एकत्र टाकल्या तर ०११ आणि ०१२ नुसत्या नजरेने वेगळ्या करता येत नाहीत, खरंच येत नाहीत.

हाय प्रेशरच्या जागी कडक रबर लागतं, त्याला ९० ड्युरोमीटर म्हणतात, मऊ ७० वाली रिंग तिथे दबून फटीतून बाहेर येऊ शकते. घेताना ९० मागा. निट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर ज्यांनी रेग्युलेटर सर्व्हिस केला त्यांनाच विचारून रिंगा आणि ग्रीस घ्या. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर साधं सिलिकॉन ग्रीस चालत नाही, तिथे ऑक्सिजनला चालणारंच वेगळं ग्रीस लागतं. आणि फवारणीचं गंज काढायचं तेल किंवा व्हॅसलीन असलं काही सामानाला कधीच लावू नका, पेट्रोलियमने रबर खराब होतं आणि ऑक्सिजनपाशी ते पेट घेऊ शकतं.

गेजच्या मागची रिंग बदलणं, हे घरी करून बघाच

हे एक काम नीट सांगते कारण पेटीतलं सगळ्यात जास्त लागणारं काम हेच आहे. डाइव्हमध्ये तुमचा बडी (डाइव्हमधला जोडीदार) बोट दाखवतो, गेज जिथे होजला मिळतं तिथून सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळ येत असते. लगेच घाबरायचं कारण नसतं, हाय प्रेशर पोर्टचं आतलं भोक मुद्दाम अगदी बारीक ठेवलेलं असतं त्यामुळे तिथून हवा हळू जाते. पण पुढच्या डाइव्हच्या आधी ते दुरुस्त व्हायला हवं.

सिलेंडर बंद करा. सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण दाबून सगळी हवा सोडा, गेज शून्यावर आलं की नाही ते डोळ्याने बघा, मगच पुढे. प्रेशरखाली काहीही उघडायचं नाही, याला अपवाद नाही. मग दोन पाने लागतात, एकाने होजचं फिटिंग धरायचं आणि दुसऱ्याने गेजची मान, एकाच पान्याने केलं तर होज पिळली जाते. गेज फिरवून काढलं की आतून ती धातूची पिटुकली नळी दिसते. खाली एक फडकं पसरून ठेवा आधीच. नळी बोटांनी ओढून काढा, जुन्या रिंगा काढा, आणि काढताना सुई किंवा टाचणी वापरू नका, पितळेचं किंवा प्लॅस्टिकचं टोकदार पिक वापरा, स्टीलने खाचेला ओरखडा पडला की नवीन रिंग घातली तरी तिथून गळतच राहणार. नवीन रिंगला ग्रीस एवढंच की ती चमकेल, ढेकूळ नको. नळी परत बसवा, हाताने आवळा, मग पान्याने हलकेच. सील रिंग करते, पान्याचा जोर करत नाही, त्यामुळे दात ओठ खाऊन आवळायची गरज नाही.

आता सिलेंडर हळूच उघडायचा, गेजची काच स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या तोंडापासून लांब, खाली फिरवून धरून. मग गेज पाण्याच्या टपात बुडवा आणि पूर्ण मिनिटभर बघत राहा. बुडबुडे नाहीत, झालं.

पहिल्यांदा मला याला अर्धा तास लागला होता, आता पाच मिनिटं लागतात. पण तो अर्धा तास घरी टेबलावर, कोणीतरी माहितगार शेजारी बसलेलं असताना गेलेला बरा.

बाकीचं पेटीत

फिनचा एक पट्टा बक्कलसकट. स्प्रिंगचे पट्टे असतील तर ते फार टिकतात, पण तरी दोघा बडींमध्ये एक ठेवाच. मास्कचा पट्टा. एक माउथपीस आणि सात-आठ झिप टाय. टाय आवळल्यावर उरलेली शेपटी साइड कटरने अगदी सपाट कापायची, नाहीतर ते टोक ओठ कापतं.

स्पेअर मास्क नेत असाल, आणि चष्म्याचा नंबर असलेल्यांनी नंबरवाला नेलाच पाहिजे, तर तो घरीच तयार करून न्या. नवीन काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढल्याशिवाय मास्क धुक्याने भरतो, थुंका किंवा फवारा मारा, काही उपयोग होत नाही. कोरा करकरीत स्पेअर मास्क डाइव्हच्या आधी बोटीवर उघडला तर ती डाइव्ह धुक्यातच जाते. तसंच तो तुमच्या चेहऱ्याला बसतो का ते पाण्यात घालून बघितलेलं असू द्या.

कम्प्युटरची बॅटरी. हे मॉडेलवर आहे, कुठल्यात सीआर २४५० लागते, कुठल्यात सीआर २०३२, कुठल्यात साधी डबल ए, आणि काही आपल्याला उघडताच येत नाहीत. उघडता येत असेल तर बॅटरीच्या झाकणाची रिंग सुद्धा जोडीने घ्या. आणि शक्यतो बॅटरी निघायच्या आधीच बदला, कारण काही कम्प्युटर बॅटरी काढली की आधीच्या डाइव्हमध्ये शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशोब विसरतात. मधेच दुसरा कम्प्युटर हातात बांधणं पण तितकंच वाईट, त्याला तुम्ही सकाळी कुठे होता हे माहीत नसतं. स्पेअर कम्प्युटर न्यायचा तर तो पहिल्या डाइव्हपासून दुसऱ्या हातावर किंवा खिशात सोबतच पाण्यात गेला पाहिजे, पेटीत बसून त्याचा काही फायदा नाही.

बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या बटणाच्या भागाच्या आत एक बारीक व्हॉल्व्ह असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये गाडीच्या टायरच्या वाल्वसारखा. वाळू किंवा मीठ गेलं की तो अडकतो आणि बीसीडी आपोआप फुगायला लागतो. पाण्यात असं झालं तर ताबडतोब होज काढायची आणि हवा सोडायची, ही सवय हाताला असू द्या. व्हॉल्व्ह स्वतः बदलायचा की नाही, तर कोणी करून दाखवला असेल तरच.

मग बारीकसारीक: हातभर बंजी दोरी, दोन-तीन मीटर पातळ नायलॉन दोरी, दोन स्नॅप हुक, आणि डक्ट टेप, पण त्याचं अख्खं रीळ नाही, पेन्सिलीवर गुंडाळून थोडा. दोरी आणि बंजीने इतक्या गोष्टी निभावतात की मला या दोन्ही सगळ्यात आधी आठवतात. थंड पाण्यात ड्राय सूट वापरणाऱ्यांनी मनगटाचे आणि मानेचे सील बघावेत, त्यांची यादी वेगळीच असते.

एक लो प्रेशर होज स्पेअर नेता येते, पण आपल्या इन्फ्लेटरचं कपलिंग कुठलं आहे ते बघून. ऑक्टोपस आणि इन्फ्लेटर एकत्र असलेल्या प्रकाराचं कपलिंग नेहमीच्यापेक्षा मोठं असतं आणि ते बोटीवर कोणाकडे मिळत नाही.

हत्यारं थोडी. दोन छोटे अ‍ॅडजस्टेबल पाने (एक नाही, दोन, गेजचं आठवा), अ‍ॅलन कीचा सेट, साइड कटर, एक चपटा आणि एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पितळेचं पिक, छोटी ग्रीसची डबी. एवढंच. घरी प्रत्येक हत्यार आपल्या सामानाला लावून बघा, जे कुठेच लागत नाही ते परत खणात. माझी अख्खी पेटी दीड किलोच्या आत बसते आणि मी ती त्याच्यावर जाऊ देत नाही, कारण जड झाली की एक दिवस ती घरी राहते.

विमानाने जाताना

रेग्युलेटर, कम्प्युटर आणि मास्क हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅग उशिरा आली तरी फिन आणि बीसीडी भाड्याने मिळतात, पण ओळखीचा रेग्युलेटर आणि नंबरचा मास्क मिळत नाही. पाने, कटर, चाकू हे सगळं चेक-इनमध्ये.

लिथियम बॅटऱ्या बरोबर उलट. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत, आणि प्रत्येकीच्या टोकांना टेप लावून किंवा वेगळ्या डबीत, म्हणजे एकमेकींना किंवा किल्लीला लागून शॉर्ट होणार नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. डाइव्ह टॉर्चमधली बॅटरी काढून ठेवा, कारण टॉर्च बॅगेत चुकून चालू झाला तर पाण्याशिवाय तो भयंकर तापतो. निओप्रीनचा गोंद घरीच ठेवा, त्यातले बहुतेक ज्वलनशील असतात आणि विमानात चालत नाहीत, सूट फाटला असेल तर निघायच्या आधीच चिकटवा.

पेटी हवाबंद असेल तर तिची हवेची खुंटी सैल ठेवा. खुंटी नसलेली पेटी कधीकधी खाली उतरल्यावर बाहेरच्या दाबाने इतकी घट्ट बसते की उघडता उघडत नाही.

बोटीवर

पहिल्या डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी, जमत असेल तर, सगळं जोडून सिलेंडर उघडा आणि पाच मिनिटं तसंच ठेवून ऐका. लगेच काही होत नाही पण चार-पाच मिनिटांनी सेकंड स्टेज हळूहळू फुसफुसायला लागली तर फर्स्ट स्टेजमधलं प्रेशर वर चढतंय, तिची सीट गेलीये. हे पेटीने सुटत नाही. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेजचं आतलं, सिलेंडरचा व्हॉल्व्ह आणि गेज स्वतः, या चारांना ट्रेनिंग नसेल तर हात लावायचा नाही, बोटीवर कोणी कितीही सांगितलं तरी. तिथे जुगाड करायचा नाही, भाड्याचा रेग्युलेटर घ्यायचा किंवा ती डाइव्ह सोडून द्यायची.

आणि दुरुस्ती केली असेल तर ती बडीला सांगा. उतरल्यावर पाच मीटरवर एकदा थांबून त्याने तुमच्या मागे, फर्स्ट स्टेजपाशी बघायचं, कारण तिथलं तुम्हाला दिसत नाही. पेटी बोटीवर सावलीत ठेवा, उन्हात रबर आणि ग्रीस दोन्ही खराब होतात, आणि कुठे ठेवलीये ते दोघा-तिघांना माहीत असू द्या. दुसऱ्या कोणाला रिंग लागली तर द्या, मी त्या दिवशी दुसऱ्याच्याच टायवर डाइव्ह केली होती.

जे वापरलं ते त्याच संध्याकाळी लॉगबुकमध्ये डाइव्हच्या खाली लिहून ठेवा, उदाहरणार्थ ००३ दोन, टाय एक. घरी आल्यावर हत्यारं गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, पान्यांच्या आट्यांना जरा ग्रीस लावून ठेवायची, नाहीतर पुढच्या ट्रिपला ती गंजून जाम झालेली निघतात. मग लिहिलेलं बघून पिशव्या परत भरायच्या आणि रिंगांच्या पिशवीवर घेतल्याचं वर्ष टाकायचं. मी दर दोन-तीन वर्षांनी जुन्या रिंगा टाकून नव्या आणते, जरी एकही लागली नसली तरी.